तिसरी सभा कुणाची?

मार्च महिन्यात तासगावच्या बाजूला संध्याकाळी गेलात तर बेदाण्याच्या शेडवर रेडिओ हमखास दिसतो. लोखंडी खांबाला तारेनं बांधलेला, वरून बेदाण्याची बारीक धूळ बसलेली. रॅकवर हिरव्या जाळ्यांचे थर, खाली ताडपत्रीवर बायका काड्या काढत, काळा दाणा वेगळा करत बसलेल्या. परवा अशाच एका शेडवर मी ओळखीच्या बागायतदाराला भेटायला गेलो होतो. मध्यम लहरीवर, म्हणजे मीडियम वेव्हवर, खरखर फार येत होती. एका मुलानं उठून मोबाईलचा चार्जर बोर्डातून काढला आणि आवाज निवळला. भजन लागलं होतं. निवेदिकेनं मंडळाचं आणि गावाचं नाव सांगितलं, तशी एका मावशीचा हात थांबला.

"गप बसा गं जरा! आमच्या म्हायेरचं मंडळ हाय ते. पेटीवर आमचा चुलताच असणार."

सगळ्याजणी गप्प झाल्या. दहा मिनिटं ते भजन झालं. तेवढ्या वेळात बेदाणा निवडणं थांबलं नाही, पण बोलणं थांबलं. भजन संपल्यावर बाजूची म्हणाली, "तुझ्या चुलत्याची बोटं अजून फिरत्यात की गं." मावशींनी पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा काड्या काढायला लागल्या.

त्या दहा मिनिटांसाठी मी हा लेख लिहितो आहे. माझं म्हणणं असं की सांगली असो वा सातारा, जिल्ह्याच्या रेडिओ केंद्राची संध्याकाळ ही जिल्ह्याचीच असली पाहिजे. मोठ्या शहरातून आलेलं सहक्षेपण, म्हणजे तिथला कार्यक्रम इथून जसाच्या तसा, दिवसभर लावा, रात्री लावा, हरकत नाही. पण दिवेलागणीपासून जेवणवेळेपर्यंतचे दोन तास इथल्या माणसांनी गायलेलं, बोललेलं, लिहिलेलं, इथेच ध्वनिमुद्रित झालेलं ऐकू आलं पाहिजे. ही मागणी मी श्रोता म्हणून आपली हक्काची समजतो. आकाशवाणीचं ब्रीदच 'बहुजन हिताय बहुजन सुखाय' असं आहे, आणि बहुजन कुठेतरी राहतात. त्यांना गाव असतं, बोली असते, चुलता असतो.

आकाशवाणीत दिवसाच्या प्रसारणाच्या भागांना सभा म्हणतात. सकाळची पहिली सभा, दुपारची दुसरी, संध्याकाळची तिसरी. हा शब्द मला फार आवडतो. सभेत माणसं जमतात, एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं एवढ्यावर ती संपत नाही, कुणीतरी उठून उत्तरही देतं. आपल्या भागात तर रेडिओची अशी खरीखुरी सभा एकदा भरून गेली आहे. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. उत्तर सातारा म्हणजे आजचा सातारा जिल्हा. आजची सांगली तेव्हा दक्षिण सातारा होती. प्रत्येक गावात वीसेक शेतकऱ्यांचा गट करायचा, आठवड्यातून दोनदा त्यांनी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग आपसात चर्चा करायची आणि आपले प्रश्न, अडचणी केंद्राकडे पाठवायच्या. त्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांत उत्तरं मिळायची. दहा आठवडे, वीस कार्यक्रम. नंतर पाहणी झाली तेव्हा दिसलं की ज्या गावांत नुसता रेडिओ होता त्यांच्यापेक्षा जिथे माणसं एकत्र बसून ऐकत आणि बोलत होती त्या गावांत माहिती कितीतरी जास्त मुरली होती. पुढे १९५९ पासून ही पद्धत देशभर नेली गेली.

हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. त्या गावकऱ्यांनी मन लावून ऐकलं, कारण आपण पाठवलेला प्रश्न पुढच्या खेपेला रेडिओवर येतो हे त्यांना कळलं होतं. मावशीचा हात थांबला तो याच कारणानं. आपलं काहीतरी त्या खोक्यातून येऊ शकतं, ही खात्री असेल तरच माणूस कान देतो. ती खात्री एकदा गेली की रेडिओ म्हणजे नुसता आवाज, आणि आवाजाची आज कुणाला कमी आहे?

लोक म्हणतात, आता यूट्यूब आहे, हवं ते भजन हवं तेव्हा मिळतं, रेडिओ कशाला? यात तथ्य आहे. माझ्याही फोनमध्ये शेकडो ध्वनिफिती आहेत. पण जे हवं ते मिळण्यासाठी आधी ते हवं आहे हे माहीत असावं लागतं. त्या शेडमध्ये काड्या काढणारी जतची एक पोरगी आपणहून कधी असं भजन शोधणार नव्हती. मिरजेच्या एखाद्या घरातला कॉलेजातला मुलगा आटपाडीकडच्या धनगरी ओव्या शोधणार नाही. फोन माणसाला त्याच्या कालच्या आवडीतच फिरवत ठेवतो. संध्याकाळच्या सभेत मात्र बाजारभाव ऐकायला बसलेल्या हळदीच्या व्यापाऱ्याच्या कानावर नाट्यगीत पडतं, आणि नाट्यगीताची वाट बघणाऱ्या निवृत्त मास्तरांना आज द्राक्षावर कोणता रोग आला आहे ते कळतं. एका जिल्ह्यात राहणारी माणसं एकमेकांच्या कानावर पडणं, ही काही छोटी गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट कलाकाराची. आमच्या मंडळाचं ध्वनिमुद्रण मला लख्ख आठवतं, कारण मी तेव्हा आठवीत होतो आणि टाळ धरायला मला नेलं होतं. आमचं गाव मिरज तालुक्यातलं. पहाटेच्या एसटीनं निघालो. पखवाज शालीत गुंडाळलेला, काकांच्या मांडीवर. पितळी डब्यात मळलेली कणीक, धुमेला म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला. स्टुडिओत गेल्यावर चपला बाहेर, दार इतकं जाड की ते बंद झालं आणि कानात दडे बसल्यासारखं झालं. आतल्या गारव्यानं कणीक सारखी आवळायला लागली. काका पाण्याचा हात लावून ती सैल करत होते. काचेपलीकडच्या इंजिनिअरनं पहिली चाचणी ऐकली आणि आत येऊन आम्हा टाळकऱ्यांना सरळ मागच्या भिंतीपाशी नेऊन उभं केलं. "टाळ सगळं खाऊन टाकतायत. शब्द ऐकू आले पाहिजेत," एवढंच तो म्हणाला.

गावात आमचं भजन रात्रभर चालायचं. एकेका अभंगाला अर्धा तास. इथे सगळं मिळून ठरलेल्या मिनिटांत बसवायचं होतं. बुवांना सुरुवातीला राग आला, मग त्यांनी आलाप कमी केला, गजर आवरला आणि अभंगाचा शेवटचा चरण, जो गावात गोंगाटात कधी कुणाला नीट कळत नसे, तो स्वच्छ म्हटला. गावी परतल्यावर पुढच्या एकादशीला त्यांनी देवळातसुद्धा टाळकऱ्यांना मागे बसवलं. म्हणाले, "टाळ मागं, शब्द पुढं." आजही आमच्या देवळात तशीच बैठक आहे. रेडिओनं आमचं भजन नुसतं प्रसिद्ध केलं असं नाही, ते सुधारलं.

फोनवर स्वतःचं गाणं कुणीही टाकू शकतो, आणि टाकावंच. पण तिथे 'टाळ मागं घ्या' असं सांगणारं कुणी नसतं. आकाशवाणीत ध्वनिचाचणी द्यावी लागते. परीक्षकांना नाव-गाव न सांगता आवाज ऐकवायचा अशी रीत आहे. पास झालात तर बी, बी हाय, ए अशा श्रेणी मिळतात, आणि श्रेणीप्रमाणे मानधन. रक्कम मोठी नसते. पण शेतमजुरी करून सोंगी भजन करणाऱ्या माणसाला सरकारी कागदावर 'कलाकार' म्हणून आपलं नाव पाहायला मिळतं. आमच्या बुवांनी तो करारपत्राचा कागद फ्रेम करून विठ्ठलाच्या फोटोशेजारी लावला होता.

आणि आता जे सांगायचं त्यानं मला अजून वाईट वाटतं. बुवा गेल्यावर वर्षश्राद्धाला त्यांचा आवाज ऐकवावा म्हणून मी संबंधित केंद्रात प्रत मागायला गेलो. तिथे कळलं की ती टेप केव्हाच पुसून तिच्यावर दुसरं काही ध्वनिमुद्रित झालं आहे. टेपा महाग होत्या, कपाटं कमी होती, हे मला समजतं. कुणी मुद्दाम केलं नाही. पण एका माणसाचा सगळ्यात चांगला गायलेला आवाज असा गेला. आमच्याकडे उरली ती एका शेजारणीनं प्रसारणाच्या वेळी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली कॅसेट. तिच्यात दुसऱ्या अभंगावर कुकरची शिट्टी आहे, आणि "अगं बंद कर की" असा एक आवाज आहे. तेवढीच.

आज साठवणीला टेप लागत नाही. एका तळहाताएवढ्या डिस्कवर जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळांची वर्षानुवर्षांची भजनं मावतील. म्हणून मी तिसऱ्या सभेबरोबरच दुसरी मागणी जोडतो. जे इथे ध्वनिमुद्रित होईल त्याची एक प्रत कलाकाराला मिळावी आणि एक जिल्ह्यातच, मागणाऱ्याला ऐकता येईल अशा जागी राहावी.

सांस्कृतिक संध्याकाळ भरायला सामान कुठून आणणार, असा प्रश्न मला एकानं विचारला. मला नवल वाटलं. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून ५ नोव्हेंबर हा आपण रंगभूमी दिन पाळतो. देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. ज्या गावांनी मराठी नाटक उभं केलं तिथल्या केंद्रावरून महिन्यातून एक ताजी श्रुतिका, म्हणजे रेडिओवरचं नाटक, इथल्या लेखकाची, इथल्या नटांची, होऊ नये काय? खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली गेल्यावर तिथेच दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. तिथे उरुसाला दरवर्षी गाणं होतं. त्याच मिरजेत सतारीच्या भोपळ्यावर तबली, म्हणजे वरची लाकडी फळी, बसते, घोडीवर तासन्‌तास कानस चालवून सुराला गुंजन देणारी जवारी काढली जाते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. सातारा जिल्ह्यात औंधला १९४० पासून गुरूंच्या स्मरणार्थ संगीत उत्सव चालतो. औदुंबरला संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, नदीकाठी, साध्या मांडवात. कवलापूरच्या काळू-बाळूंनी तमाशात साऱ्या महाराष्ट्राला हसवलं आणि रडवलं. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ वाटेगावचे. माणदेशात गजी नाचाचा ढोल वाजला की म्हाताऱ्यांचे पाय हलतात. सामान नाही असं म्हणणाऱ्यानं एकदा पुसेगावच्या किंवा पालीच्या यात्रेत रात्र काढावी.

यात बोलीचा मुद्दा वेगळा काढायला हवा. पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा दादरमध्ये बोलतात तसं आम्ही बोलत नाही. आमच्याकडे 'कुठं चाललाईस?' म्हणतात, 'जेवलासा काय?' म्हणतात, आणि जतच्या पूर्वेला गेलं की मराठीत कानडीचा हेल येतो. संध्याकाळच्या शेतकरी कार्यक्रमांतल्या गप्पांनी या बोलण्याला पहिल्यांदा माईकसमोर बसवलं. माझ्या आजीला वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं. रेडिओवर आपल्यासारखं बोलणारा माणूस खताविषयी सांगतो आहे हे ऐकून ती म्हणायची, "ह्यो आपल्यातला दिसतोय." तिचा त्या माणसावर विश्वास होता. दुसऱ्या शहरात बसून शुद्ध मराठीत सगळ्या राज्यासाठी एकच संध्याकाळ तयार केली तर व्याकरण बरोबर येईल, पण 'आपल्यातला' येणार नाही.

हा विश्वास गाण्यांपुरता नसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या नातेवाइकांच्या गल्लीत वीज गेली, फोन बंद पडले. माळ्यावर बसलेल्या घरात एक सेलवरचा ट्रान्झिस्टर होता, त्यावर सगळे कान लावून होते. संकटात माणूस ओळखीच्या आवाजावरच विसंबतो, आणि ओळख पुराच्या दिवशी होत नसते. ती वर्षभर संध्याकाळी भजनं, बाजारभाव, श्रुतिका ऐकताना झालेली असते. म्हणून मी सांस्कृतिक कार्यक्रमांना करमणुकीच्या खात्यात टाकायला तयार नाही. रोजच्या संध्याकाळी जिल्हा कान देत असेल तरच नदी चढली म्हणजे सांगितलेलं त्याच्या कानावर पडेल. मोबाईल कंपन्यांनी फोनमधला एफएम रिसीव्हर बंद ठेवू नये असं केंद्र सरकारनं २०२३ मध्ये सुचवलं तेही आपत्तीचा विचार करूनच.

लहरींचंही थोडं बोललं पाहिजे, कारण पुष्कळांना वाटतं की सगळं एफएमवर नेलं की प्रश्न मिटला. एफएमचा आवाज स्वच्छ, यात वाद नाही. पण एफएमची लहर सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की अडते. जावळीत, पाटणमध्ये, कोयनेच्या खोऱ्यात, कांदाटीच्या बाजूला घराघरांमध्ये डोंगरच आडवे आहेत. मध्यम लहर जमिनीला धरून लांब जाते, खाचखळग्यांना तिचं फारसं अडत नाही. सांगली केंद्र १९६३ पासून चालू आहे, आणि १२५१ किलोहर्ट्झ हा आकडा आमच्याकडे काटा न बघता लावणारी माणसं आहेत. मध्यम लहरीत खरखर आहे, एलईडी दिवे आणि चार्जर आल्यापासून ती वाढली आहे. तरी ज्या वाडीत फोनला रेंज नाही तिथल्या म्हातारीचा विचार झाल्याशिवाय मध्यम लहरीचं प्रक्षेपण कमी करण्याचा निर्णय होता कामा नये.

छोट्या ताकदीवर किती होतं हे आपल्याच भागात पाहता येतं. २००६ च्या धोरणानं संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा दिली. म्हसवडला 'माणदेशी तरंग' आणि जत तालुक्यात जालिहाळला 'येरळावाणी' उभे राहिले. शंभर वॅटची ताकद, आसपासच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या गावांचं अंगण, आणि निम्म्याहून कमी नाही इतकं साहित्य स्थानिक लोकांनी केलेलं असावं ही अट. तिथे बायका स्वतःच्या ओव्या स्वतः गातात, शाळेतली पोरं निवेदन करतात. स्वतःच्या बातम्या देण्याची त्यांना परवानगी नाही, ही अडचण आहे आणि ती दूर व्हायला हवी. पण जे शंभर वॅटवर जमतं ते त्याच्या कितीतरी पट ताकदीच्या, पक्क्या स्टुडिओच्या, शिकलेल्या इंजिनिअरांच्या केंद्रांना जमणार नाही असं म्हणता येत नाही.

स्थानिक म्हणजे आपोआप चांगलं, असं मात्र मी म्हणणार नाही. तीच तीच ध्वनिमुद्रणं फिरवून लावणं, भाषणासारखी मुलाखत, उद्घाटनांचे वृत्तांत, हे स्थानिक असूनही कंटाळवाणं असतं आणि त्यानंच श्रोता गेला आहे. वरून संस्कार करायला गेलं तरी तो जातो. १९५२ मध्ये मंत्री बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरची चित्रपटगीतं आवरली, शास्त्रीय संगीताला मान दिला. हेतू चांगला होता, संगीत संमेलनांसारखी मोठी कामंही त्यातून झाली. पण लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं, आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. कार्यक्रम श्रोत्याला विचारून करावा लागतो. १५० गावांच्या प्रयोगात गावांकडून पत्रं येत होती, म्हणून तो चालला. आज पत्राऐवजी फोनवरचा आवाजी निरोप येऊ शकतो. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हमालानं पाठवलेला तीस सेकंदांचा निरोप त्याच संध्याकाळी प्रसारित करायला पैसा लागत नाही, एक माणूस लागतो.

आणि माणूस हाच खरा खर्च आहे. रिकाम्या जागा भरल्या नाहीत, नैमित्तिक निवेदकांच्या महिन्यातल्या मोजक्या पाळ्यांवर सभा चालवली, तर गावोगाव फिरून ध्वनिमुद्रण करायला कोण जाणार? सहक्षेपण स्वस्त पडतं ते याच कारणानं. म्हणून मागणी करायची तर ती माणसांची केली पाहिजे. दर केंद्राला दोन माणसं अशी द्या की ज्यांचं काम फक्त फिरणं आणि ध्वनिमुद्रित करणं. एक गाडी, दोन माईक, एक यंत्र. औदुंबरला संक्रांतीला ती गाडी उभी राहील, उरुसाच्या रात्री दर्ग्यापाशी, ऑक्टोबरात औंधला, पौषात पालीला.

आमच्या तालुक्यातल्या अकरा भजनी मंडळांनी असा अर्ज तयार केला आहे. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ स्थानिक कार्यक्रम, ध्वनिमुद्रणाची प्रत मंडळाला, आणि वर्षातून एकदा नव्या मंडळांची ध्वनिचाचणी तालुक्याच्या गावी येऊन. सह्या घेणं चालू आहे. गेल्या रविवारी बेदाण्याच्या त्या शेडवर गेलो तेव्हा मावशींनी अंगठ्याला शाई लावताना विचारलं, "पर चुलत्याचं भजन परत कवा लागणार?"

मला तारीख सांगता आली नाही.